ओसरीवरून : काखेंत कळसा

वाचकहो, मागें एकदां ह्याच सदरांत आम्हीं घरांतील जुन्या कागदपत्रांच्या जतनाविषयीं चार उपदेशाचे शब्द लिहिले होते. दुसऱ्यास शहाणपण शिकविणाऱ्या मनुष्यास दैव केव्हां तरी फळ्याजवळ उभें करतें आणि त्याच धड्यावरचा प्रश्न विचारतें, हा शिक्षकी पेशांतील जुना अनुभव आहे. आम्हांस तो प्रश्न तुळशीच्या लग्नानंतर विचारला गेला, आणि खरें सांगावयाचें तर पहिलें उत्तर आम्हीं चुकीचेंच दिलें. तें उत्तर कोणतें व तें दुरुस्त कसें झालें, हें आज सांगण्याचें योजिलें आहे. कारण ज्या घरांत एखादा जुना लॅपटॉप कपाटांत पडून आहे, आणि आतां तसा नसलेलें घर विरळाच, त्या घरांत हाच प्रश्न आज ना उद्यां निघणार आहे.

आमचे ज्येष्ठ बंधु, ज्यांस घरांत लहानथोर सगळेच अण्णा म्हणत, दोन वर्षांपूर्वीं कैलासवासी झाले. पाटबंधारे खात्यांतून निवृत्त झाल्यावर त्यांनीं २०१४ सालीं एक लॅपटॉप विकत घेतला, तो एकाच हेतूनें : घराण्याचा कुलवृत्तांत लिहून पुरा करावयाचा. पुढें आठ वर्षें ते सकाळची संध्या आटोपून त्या यंत्रापुढें बसत. ग्वाल्हेर, इंदूर, बडोदें येथील शाखांस पत्रें धाडावीं, आलेल्या उत्तरांतील जन्मसाल, लग्न, सासर-माहेर एकमेकांशीं ताडून पाहावें, आणि शंका फिटली म्हणजेच तो मजकूर यंत्रांत उतरवावा, असा त्यांचा क्रम. अशीं तीनशेंहून अधिक पृष्ठें भरलीं होतीं. छापण्यापूर्वीं एकदां नजर फिरविण्याचें काम त्यांनीं आमच्यावर सोंपविलें होतें, आणि आम्हीं तें 'आज करूं, उद्यां करूं' म्हणत लांबणीवर टाकलें होतें. हा आमचा पहिला अपराध.

एका रात्रीं वहिनी त्या यंत्रावर जुनीं छायाचित्रें पाहात असतां वीज गेली. बॅटरी केव्हांच निकामी झालेली, त्यामुळें यंत्रहि तत्क्षणीं मालवलें. दुसऱ्या दिवशीं तें सुरू करूं जातां पडद्यावर 'ऑटोमॅटिक रिपेअर' अशीं अक्षरें उमटत, यंत्र कांहीं वेळ स्वतःशींच विचार करी, बंद होई, आणि पुन्हां तींच अक्षरें दिसूं लागत. पाठांतर विसरलेल्या विद्यार्थ्यानें पहिलाच चरण पुनःपुन्हां घोकावा, तशी त्याची अवस्था झाली होती.

पुतण्यानें तें गांवांतील एका दुकानदारास दाखविलें. तो म्हणाला, "फॉरमॅट मारून नवीन विंडोज टाकून देतों. पांचशें रुपये होतील. सी ड्राइव्ह उडेल, डी ला हात लावणार नाहीं." लायसन्सचें काय, असें पुतण्यानें विचारतां तो हंसला. "त्याची कशाला काळजी? अ‍ॅक्टिव्हेटर मारतों, जन्मभर चालेल."

पुतण्या घरीं येऊन आमची संमति विचारूं लागला. आम्हीं वर्तमानपत्रांतून डोके वर न काढतां म्हटलें, "अकरा वर्षांचें जुनें यंत्र तें, त्याचें लायसन्स कोण विचारतो? टाक देऊन." हेंच तें आमचें चुकीचें उत्तर. वहिनी स्वयंपाकघराच्या दारांत उभ्या होत्या. त्या एवढेंच म्हणाल्या, "भावोजी, ह्यांनी सरकारी टांचणीसुद्धां कधीं घरीं आणली नाहीं. ह्यांच्या लॅपटॉपांत चोरीचं कांहीं नको. तो बंद राहिला तरी चालेल." आम्ही वर्तमानपत्र घडी करून बाजूस ठेवलें.

मग शोधास प्रारंभ झाला. लॅपटॉप उपडा केला. तळाशीं विंडोजचें चिन्ह असलेला एक छोटा स्टिकर होता, पण त्यावर की म्हणून कांहीं लिहिलेलें नव्हतें. अण्णांची लोखंडी पेटी उघडली. तींत खरेदीची पावती निघाली, हमीपत्र निघालें, खोक्यावरील पट्टीसुद्धां जपून ठेवलेली निघाली. पण पंचवीस अक्षरांची ती प्रसिद्ध किल्ली कोठेंच नाहीं. "काका, ह्याला कीच दिलेली नाहीं," असा निर्णय पुतण्यानें दिला. संध्याकाळीं सूनबाई कचेरींतून आल्या. त्या एका बँकेच्या संगणक विभागांत काम करितात. सगळी हकीकत ऐकून त्या म्हणाल्या, "बाबा, ह्याला काखेंत कळसा नि गांवाला वळसा म्हणतात ना? की लॅपटॉपच्या आंतच आहे."

त्यांनीं पुढें जें समजावून सांगितलें, तें आमच्या वयाच्या वाचकांस कळेल अशा रीतीनें येथें मांडतों. यंत्र हा वाडा, आणि ऑपरेटिंग सिस्टीम हा त्या वाड्याचा कारभारी. दार उघडणें, दिवा लावणें, जिन्नस ज्याच्या त्याच्या जागीं ठेवणें, हें सर्व तो पाहतो. लायसन्स ही त्या कारभाऱ्याच्या नेमणुकीची सनद. आणि आपण लिहिलेला मजकूर, छायाचित्रें, हिशेब ही वाड्यांतील आपली चीजवस्तु. कारभारी आजारी पडला म्हणून सनद रद्द होत नाहीं. त्याच सनदेवर त्याच वाड्यांत नवा कारभारी नेमतां येतो, आणि तोहि कितीहि वेळां. लॅपटॉपाच्या किंमतींतच ही सनद आपण विकत घेतलेली असते. परंतु ती त्या वाड्यापुरती असते. कारखान्यांतून यंत्राबरोबर आलेली सनद काढून दुसऱ्या यंत्रास लावतां येत नाहीं. हार्ड डिस्क किंवा रॅम बदलली तर चालतें. मदरबोर्ड बदलला तर मात्र बहुधा ती सनद संपली असें समजावें.

ही सनद ठेवण्याच्या तीन तऱ्हा होऊन गेल्या, आणि आपलें यंत्र कोणत्या तऱ्हेचें हें न कळल्यामुळेंच घरोघरीं घोटाळा होतो. विंडोज ७ हें २००९ सालीं निघालें. त्या काळच्या लॅपटॉपांच्या तळाशीं, किंवा बॅटरी काढल्यावर दिसणाऱ्या खांचेंत, एक स्टिकर असे, व त्यावर पांच-पांच अक्षरांचे पांच गट छापलेले असत. पुढें २०१२ च्या विंडोज ८ पासून नव्या लॅपटॉपांत ही की कारखान्यांतच मदरबोर्डावरील एका चिपेंत भरून ठेवूं लागले. त्यामुळें स्टिकरावर नुसतें चिन्ह राहिलें आणि अक्षरें गेलीं. तिसरी तऱ्हा २०१५ सालच्या विंडोज १० पासूनची. तींत यंत्राची ओळख मायक्रोसॉफ्टच्या दप्तरीं नोंदली जाते, आणि यंत्र इंटरनेटास जोडतांच ती नोंद पाहून विंडोज आपोआप मान्य होतें. हिला डिजिटल लायसन्स म्हणतात.

अण्णांचें यंत्र दुसऱ्या तऱ्हेचें, विंडोज ८.१ चें. त्या आवृत्तीची देखभाल १० जानेवारी २०२३ रोजींच संपलेली. म्हणून सूनबाईंनीं विचारलें, "अण्णांनीं मधें विंडोज १० घेतलं होतं का?" ह्याचें उत्तर आम्हां कोणासच ठाऊक नव्हतें, पण अण्णांच्या वहींत होतें. घरांतील प्रत्येक वस्तूची खरेदी व दुरुस्ती ते एका चौपदरी वहींत टिपून ठेवीत. त्या वहींत २०१६ च्या फेब्रुवारींत एक ओळ होती : विंडोज १० मोफत घेतलें, सहा तास लागले, सर्व ठीक. विंडोज ७ व ८.१ वाल्यांस नवी आवृत्ति मोफत देण्याची ती सवलत २९ जुलै २०१५ पासून एक वर्षाची होती. मुदतीनंतरहि जुन्या कीवर विंडोज १० मान्य होत असे, पण तो मार्गहि सप्टेंबर २०२३ मध्यें बंद करण्यांत आला. ज्यांनीं त्यापूर्वींच नवी आवृत्ति घेतली, त्यांच्या यंत्राची नोंद मात्र दप्तरीं कायम राहिली. अण्णांची ती एक ओळ नसती, तर आम्ही नुसत्या तर्कावर बसलों असतों.

सनदेचा निकाल लागला, असें समजून पुतण्या लगेच पेनड्राइव्ह घेऊन बसला. सूनबाईंनीं त्याचा हात धरला. "आधीं अण्णांचं लिखाण कुठं आहे तें पाहूं." पुतण्या म्हणाला, "डी ड्राइव्हवर असेल. दुकानदार म्हणालाच, डी ला धक्का लागत नाहीं." तेव्हां त्यांनीं जें सांगितलें, तें प्रत्येक घरानें भिंतीवर लिहून ठेवावें. आपण पडद्यावर, म्हणजे डेस्कटॉपवर, जी फाइल ठेवतों, आणि 'डॉक्युमेंट्स' नांवाच्या कप्प्यांत जी ठेवतों, ती बहुतेक यंत्रांत सी ड्राइव्हवरच असते. डोळ्यांसमोर आहे म्हणून ती सुरक्षित आहे असें वाटतें. वस्तुतः फॉरमॅटांत प्रथम तीच जाते.

मग आमचा एक जुना विद्यार्थी, जो अशीं यंत्रें दुरुस्त करतो, त्यास बोलाविलें. त्यानें तळाचे स्क्रू काढून हार्ड डिस्क बाहेर काढली, तळहाताएवढ्या एका डबींत बसविली, आणि ती केबलीनें सूनबाईंच्या संगणकास जोडली. कारभारी बेशुद्ध होता, पण वाडा शाबूत होता. सर्व कप्पे उघडले. कुलवृत्तांत कोठें होता? डेस्कटॉपवर. डी ड्राइव्हवर जुन्या भजनांच्या फितींवरून उतरविलेलें गायन आणि एक बुद्धिबळाचा खेळ, एवढेंच होतें. दुकानदाराच्या हिशेबानें जें उडावयाचें तें आठ वर्षांचें काम, आणि जें राहावयाचें तें बुद्धिबळ. हें ऐकून वहिनी खालीं बसल्या. आमच्या 'टाक देऊन' ह्या दोन शब्दांची किंमत तेव्हां आम्हांस कळली.

पण परीक्षा संपली नव्हती. फाइल उघडली, आणि पडद्यावर मराठीचें एक अक्षर नाहीं! इंग्रजी अक्षरें, आंकडे आणि चिन्हें यांची नुसती खिचडी दिसूं लागली. विद्यार्थी म्हणाला, "गुरुजी, फाइल करप्ट झाली वाटतं." आम्हीं चष्मा पुसून पुन्हां पाहिलें. एकच आकृति ठराविक अंतरानें पुनःपुन्हां येत होती, जशी प्रत्येक नोंदींत 'जन्म' हा शब्द यावा तशी. फाटक्या पोथींतील अनोळखी लिपि लावण्याची थोडीशी संवय असल्यामुळें आम्ही म्हणालों, "हें बिघडलेलें नाहीं, वेषांतर केलेलें आहे." सूनबाईंनीं तें मान्य केलें. अण्णांनीं युनिकोडपूर्व पद्धतीचा मराठी फॉन्ट वापरला होता. अशा फॉन्टांत यंत्र आंतून इंग्रजी अक्षरेंच साठवितें, व फॉन्ट तीं मराठी आकारांत दाखवितो. फॉन्ट नाहीं तर मराठीहि नाहीं. तो फॉन्ट अण्णांच्या विंडोजच्या फोल्डरांत, म्हणजे पुन्हां सी ड्राइव्हवरच होता. सुदैवानें सूनबाईंनीं निवडक फाइली न घेतां सर्व डिस्कची नक्कल केली होती. फॉन्ट शोधून त्यांच्या संगणकांत घातला मात्र, आणि पहिलें पृष्ठ जसेंच्या तसें उभें राहिलें. त्यांनीं तत्काळ तें युनिकोडमध्यें बदलून घेतलें व त्याच्या प्रती दोन ठिकाणीं ठेवल्या. मग म्हणाल्या, "आतां लॅपटॉपला काय करायचं तें करा."

एवढी परवानगी मिळतांच पुतण्यानें दुसऱ्या दिवशीं, सूनबाई कचेरींत असतां, मित्राकडून आणलेल्या पेनड्राइव्हावरून विंडोज १० टाकलें. तें नीट सुरूहि झालें. पण पडद्याच्या उजव्या कोपऱ्यांत 'अ‍ॅक्टिव्हेट विंडोज' अशीं फिकट अक्षरें उमटलीं, तीं कांहीं केल्या जाईनात. "काका, लायसन्स मेलं," असें तो म्हणाला. सायंकाळीं सूनबाईंनीं एका दृष्टिक्षेपांत दोष ओळखला. मित्राचें विंडोज 'प्रो' होतें, आणि अण्णांच्या यंत्राचें लायसन्स 'होम सिंगल लँग्वेज' ह्या आवृत्तीचें. दोन्ही विंडोज १० च, पण आवृत्ति निराळी. आमच्या वाचकांस हें समजावयास कठीण जाऊं नये : वेद एक असला तरी शाखासूत्र जुळल्यावांचून विधि लागत नाहीं. सनद ज्या नांवाची, कारभारीहि त्याच नांवाचा हवा.

मग योग्य रीतीनें काम झालें, तें क्रमानें सांगतों. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावर 'मीडिया क्रिएशन टूल' नांवाचें साधन विनामूल्य मिळतें. त्यानें कमीत कमी आठ जीबीच्या पेनड्राइव्हावर विंडोज उतरवून घ्यावें. त्या पेनड्राइव्हावर आधींचें जें असेल तें पुसलें जातें, म्हणून तो रिकामा घ्यावा. लॅपटॉप सुरू करतांना वरच्या ओळींतील एक ठराविक बटण दाबलें, म्हणजे तो डिस्कऐवजीं पेनड्राइव्हावरून सुरू होतो. हें बटण प्रत्येक कंपनीचें निराळें असतें, कांहींचें एफ १२, कांहींचें आणखी कोणतें. पुढें विंडोजनें की मागितली, तर 'माझ्याजवळ की नाहीं' असें उत्तर निवडून पुढें जावें. हें उत्तर खोटें नव्हे; त्याचा अर्थ इतकाच कीं की हातानें लिहावयाची नाहीं, यंत्राची नोंद पाहून घ्यावी. आवृत्ति विचारली तर आपली तीच निवडावी. अण्णांच्या यंत्रानें हे दोन्ही प्रश्न विचारलेच नाहींत. चिपेंतील की वाचून त्यानें आपली आवृत्ति आपणच ओळखली.

तासाभरानें विंडोज उभें राहिलें. इंटरनेट जोडलें. सेटिंग्जमधील 'अ‍ॅक्टिव्हेशन'चें पान सूनबाईंनीं उघडलें, आणि आम्हां सर्वांस जवळ बोलाविलें. डिजिटल लायसन्सनें विंडोज मान्य झाल्याचें तेथें लिहिलें होतें. वहिनींनीं विचारलें, "म्हणजे ह्यांनी दिलेले पैसे अजून चालतात?" आम्ही म्हणालों, "चालतात, वहिनी." याहून अधिक बरोबर व्याख्या आम्हांस करतां आली नसती.

आमच्या समाधानासाठीं सूनबाईंनीं एक आज्ञा टाइप करून चिपेंतील मूळ कीहि पडद्यावर आणून दाखविली. पंचवीस अक्षरें, पांच गट. तीं वहींत उतरवून घेतांना आमच्या ध्यानांत एक मौज आली. तींत ए, ई, आय, ओ, यू ह्या पांच इंग्रजी स्वरांपैकीं एकहि नव्हता. शून्य व एक हे आंकडेहि नव्हते. हें योगायोगानें झालेलें नाहीं. ह्या कींसाठीं जीं थोडीं अक्षरें निवडलेलीं आहेत, त्यांतच तीं नाहींत. त्यामुळें शून्य कीं ओ, एक कीं आय, असा घोटाळा होण्याचें कारणच उरत नाहीं. स्वरावांचून व्यंजनाचा उच्चार नाहीं असें आम्ही जन्मभर शिकवीत आलों. येथें उच्चार न व्हावा, फक्त अचूक नक्कल व्हावी, अशी रचना आहे.

मात्र बी हें अक्षर आणि इंग्रजी आठाचा आंकडा हीं दोन्ही त्या निवडींत आहेत. ज्यांच्याजवळ विंडोज ७ च्या काळचे जुने स्टिकर आहेत, त्यांस येथेंच अडचण येते. मांडीच्या उबेनें व घासण्यानें तीं अक्षरें पुसट होतात, आणि बी कीं आठ हा पाठभेद उत्पन्न होतो. भिंग घ्यावें, उजेड बाजूनें टाकावा, आणि दोन्ही पाठ क्रमानें घालून पाहावेत. चुकीचा पाठ यंत्र स्वीकारीत नाहीं, हा येथें पोथीपेक्षां मोठा फायदा. आणखी एक सावधगिरी सांगावयाची. कारखान्यांत भरलेल्या विंडोज ७ मध्यें बहुधा त्या कंपनीच्या अनेक यंत्रांस सामाईक अशी की असे. एखाद्या प्रोग्रॅमनें आंतून वाचून काढलेली की स्टिकराशीं जुळली नाहीं, तर घाबरूं नये. आपल्या यंत्राची ती स्टिकरावरचीच. अर्थात् विंडोज ७ ची देखभाल १४ जानेवारी २०२० रोजीं थांबली असल्यानें असें यंत्र इंटरनेटाशीं न जोडतां वापरणेंच शहाणपणाचें.

तोच नियम आतां अण्णांच्या यंत्रासहि लागूं आहे. विंडोज १० ची नित्याची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं थांबली. लायसन्स चालतें, पण सुरक्षेचीं नवीं ठिगळें नेहमींच्या मार्गानें मिळत नाहींत. आणि विंडोज ११ ला लागणारी सुरक्षेची चिप इतक्या जुन्या यंत्रांत नसते. म्हणून काम होतांच आम्हीं त्याचें इंटरनेट तोडलें. बँकेचे व्यवहार त्यावर करावयाचे नाहींत, लिहिणें-वाचणें मात्र खुशाल करावें, अशी वांटणी ठरली.

आतां दुकानदाराच्या पांचशें रुपयांविषयीं दोन शब्द. 'सगळेच करितात' हें त्या बाजूचें एकमेव प्रमाण आहे, आणि आम्हीहि क्षणभर त्यालाच भुललों. परंतु आपल्या देशाचा १९५७ चा कॉपीराइट कायदा संगणकाच्या प्रोग्रॅमला साहित्यकृतींत गणतो. ज्या घरांत दुसऱ्याचें पुस्तक न विचारतां उचलणें पाप मानतात, त्या घरास याहून स्पष्ट काय सांगावें? चोरीचा प्रोग्रॅम जाणूनबुजून वापरणारास कैद व दंड सांगणारें कलमहि १९९४ च्या दुरुस्तीनें त्यांत आलेलें आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेंहि पाहा. हे अ‍ॅक्टिव्हेटर चालविण्यासाठीं कित्येकदां अँटिव्हायरस बंद करावयास सांगतात. म्हणजे पहारेकऱ्यास रजा देऊन अनोळखी मनुष्यास कारभार सोंपविण्यासारखें आहे. आणि सर्वांत हास्यास्पद गोष्ट ही, कीं जी वस्तु आपण पैसे देऊन घेतलेली आहे, जी आपल्याच यंत्राच्या पोटांत आहे, तीच आपण पांचशें रुपये मोजून चोरीची घ्यावयास निघालों होतों.

तात्पर्य थोडक्यांत असें. यंत्र बिघडलें म्हणजे प्रथम आपली चीजवस्तु बाहेर काढावी, आणि ती कोठें आहे हें दुकानदाराच्या नव्हे तर स्वतःच्या डोळ्यांनीं पाहावें. मराठी मजकूर जुन्या फॉन्टांत असेल तर फॉन्टहि उचलावा व मजकूर युनिकोडांत आणून ठेवावा. नंतर सनद कोणत्या तऱ्हेची व कोणत्या आवृत्तीची हें ठरवावें : स्टिकर, चिप, कीं दप्तरांतील नोंद. आणि हें सर्व यंत्र धडधाकट असतांच एका वहींत लिहून ठेवावें. विंडोज शंभर वेळां पुन्हां टाकतां येतें. जें आपल्या माणसानें लिहिलें, तें एकदांच लिहिलेलें असतें.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्ही अण्णांच्या लॅपटॉपवर कुलवृत्तांत वाचावयास बसलों. दोन वर्षें राहिलेलें काम. आमच्या पिढीच्या पानावर अण्णांची स्वतःची नोंद त्यांनींच लिहिलेली होती : जन्म, मौंजीबंधन, विवाह, नोकरी. शेवटीं 'मृत्यु' हा शब्द लिहून पुढें जागा मोकळी सोडली होती, इतर हयात माणसांच्या नोंदींत सोडली होती तशीच. वहिनी बाजूस बसून शेंगा निवडीत होत्या. पडद्याकडे न पाहतां म्हणाल्या, "भावोजी, तेवढं तुम्हीच भरा." आम्हीं तिथि व सन लिहिला, फाइल जतन केली, आणि संवयीप्रमाणें तिची प्रत दुसऱ्या दोन ठिकाणींहि केली. येत्या चैत्रांत मुद्रकाकडे हस्तलिखित द्यावयाचें ठरलें आहे. आतां तें लांबणीवर टाकणार नाहीं, असें वाचकांच्या साक्षीनें लिहून आजचें हें पुराण पुरें करितों.